जाळीवरची काच

सकाळी साडेसहाला फोन आला. "साहेब, लवकर या जी. जाळी जाम झाली." हिंगणघाटकडच्या एका सरकीच्या तेल मिलचा फायरमन बोलत होता. आठवडाभर तिथल्या बॉयलरच्या जाळीवर आमच्याच कोळशाच्या गोळ्या जळत होत्या.

वणीजवळच्या आमच्या शेडमध्ये खाणीवरची कोळशाची चुरी येते. तशीच जाळली तर अर्धी जाळीतून खाली गळते, म्हणून तिच्या गोळ्या वळायच्या. तिरक्या फिरत्या तबकडीवर बाइंडरचा, म्हणजे चुरी चिकटवणाऱ्या द्रवाचा, फवारा जरा जास्त झाला की लाडू, कमी झाला की भुकटी. हा अंदाज हातात यायला मला दोन वर्षं लागली. आधी आम्ही मळी आणि चुना वापरायचो. पण मळीपासून दारू गाळता येते, म्हणून तिला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो, आणि त्या खेपा मालकांना नको झाल्या. मग गव्हाच्या कुटारापासून कागद करणाऱ्या एका कारखान्याचं ब्लॅक लिकर आलं, म्हणजे कुटार सोड्यात शिजवून उरलेलं काळं पाणी, जवळपास फुकट. त्यातल्या लिग्निनमुळे, म्हणजे झाडाचे तंतू धरून ठेवणाऱ्या द्रव्यामुळे, चुरी छान धरली जायची. ओली गोळी 45 सेंटिमीटरवरून पुन्हापुन्हा टाकली तरी फुटत नव्हती. मी खुशीत त्या मिश्रणावर सही केली.

मिलमध्ये फायरमन सब्बलीने जाळी खरवडत होता. त्याने भाकरीएवढी खापरी माझ्यापुढे ठेवली. हिरवट काळी, तुटल्या कडेला बाटलीसारखी चमक, आणि आत आमच्या तीन गोळ्या तशाच्या तशा, न जळलेल्या. "राखेची काच होऊन रायली जी. दुसऱ्याच दिवशी सांगतलं होतं मॅनेजरले, राख चिकट येते म्हणून." निरोप माझ्यापर्यंत आलाच नाही. रोज भट्टीत तोंड घालणाऱ्या माणसाचं बोलणं ऑफिसात कोणी कागदावर घेत नाही, याचा मला आजही संताप येतो.

लिकरमध्ये सोडा असतो, कुटारातून आलेली सिलिका, म्हणजे वाळूतलंच द्रव्य, असते. आपल्या कोळशात राख आधीच भरपूर, तीही मुख्यतः सिलिका आणि अॅल्युमिना. त्यात सोडा मिसळला की राख कमी तापमानाला वितळते, जाळीच्या फटी बुजतात, हवा अडते. हे मी कॉलेजात शिकलो होतो. तरी ताकद मोजली, राख नाही.

आता प्रत्येक मिश्रणाची राख आधी मफल भट्टीत, म्हणजे प्रयोगशाळेतल्या छोट्या बंद भट्टीत, तापवून बघतो. लिकर कमी केलं की काच होत नाही, पण गोळी फुटते. काल नवा नमुना त्या फायरमनकडेच पाठवला, मॅनेजरला न विचारता.