मे महिन्यातलं नागपूर आणि उजव्या हाताचं रक्त

मामेबहिणीच्या लग्नासाठी ऐन मे महिन्यात नागपूरला गेलो. मी राहतो त्या इंग्लंडमधल्या लीड्सला 22 डिग्री झालं की लोक अंगावरचे कपडे काढून बागेत पसरतात. इथे पारा 45 वर, आणि आईचं म्हणणं, "यंदा तेवढं तापून नाही राहिलं."

जुन्या वाचकांना माहीत आहे, मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीवरची माझी गाठ काढल्यापासून शरीर पुरेसं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषी संप्रेरक, बनवत नाही. म्हणून रोज सकाळी खांद्याला त्याचं जेल चोळतो. (जिममधल्या पोरांचा प्रकार वेगळा, त्याचे प्रश्न मला पाठवू नका.) जेल सुरू झालं की रक्ततपासणी मागे लागते ती कायमची. तिसरा, सहावा, बारावा महिना, मग दरवर्षी. यंदाची तारीख नेमकी सुट्टीत आली. म्हटलं, धंतोलीत पावलापावलावर लॅब आहे, इथेच करून टाकू.

सकाळी नऊला गेलो. काउंटरवर एकच प्रश्न, "उपाशीपोटी आहे ना?" उजव्या हाताला पट्टा, मूठ आवळा, झालं. बाहेर पडून तर्री पोहा खाल्ला. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर पीडीएफ आली. टेस्टोस्टेरॉन 1500 च्या वर, म्हणजे मशीनने पुढे मोजणंच सोडलं होतं. पीसीव्ही 54.2.

पीसीव्ही म्हणजेच हिमॅटोक्रिट, रक्तात तांबड्या पेशींचा वाटा किती टक्के ते. लीड्सच्या रिपोर्टवर 50 टक्के असेल तर 0.50 असं छापतात, त्यामुळे आधी दोन मिनिटं डोक्यात हिशेबच लागेना. टेस्टोस्टेरॉनमुळे या पेशी वाढतात आणि रक्त दाट होतं. 54 च्या वर गेलं की डॉक्टर डोस कमी करतात, नाहीतर थांबवतात, कारण गुठळीची भीती. बाबांनी चष्मा लावून पीडीएफ वाचली आणि म्हणाले, "काऊन बे, डबल लावलं का?"

रात्री कूलरसमोर पडल्या पडल्या ट्यूब पेटली. त्या दिवशी सकाळी सातला जेल उजव्या खांद्यापासून दंडापर्यंत चोळलं होतं, आणि सुई त्याच हाताला. कातडीवर राहिलेलं औषध नमुन्यात उतरलं की आकडा वाटेल तेवढा चढतो. लीड्सची नर्स पट्टा बांधायच्या आधी विचारते, जेल कुठे लावलं, किती वाजता? लावल्यावर दोन ते चार तासांनी रक्त घ्यायचं, हेही तिच्याकडूनच कळलं होतं. लॅबने विचारलं नाही हे खरं, पण चार वर्षं जेल चोळणाऱ्याने तरी सांगायला नको?

पीसीव्हीचं कोडं आईने सोडवलं. आदल्या दिवशी हळद, मांडवात दुपारभर धावपळ, रात्री जागरण, आणि सकाळी तपासणी उपाशीपोटी म्हणून मी पाणीसुद्धा प्यायलो नव्हतो. अंगातलं पाणी आटलं की पेशी तेवढ्याच राहतात, पण त्यांचा वाटा वाढतो. "पाण्याला कोणी नाही म्हटलं होतं?" कोणीच नाही.

लीड्सच्या डॉक्टरांना ईमेल केला. डोस तोच ठेवा, आठवड्याने पुन्हा तपासा, असं उत्तर आलं. आठवडाभर जेल पोटावर लावलं, हात साबणाने धुतले आणि वर बनियन चढवली. तसंही बहिणीचा दोन वर्षांचा पोरगा दिवसभर माझ्या खांद्यावर असायचा, आणि हे औषध कातडीला कातडी लागून लेकरांच्या अंगात जाऊ शकतं. रोज मटक्यातलं पाणी, आणि आईची पाळत.

दुसरा रिपोर्ट: टेस्टोस्टेरॉन 576, पीसीव्ही 51.4. लीड्सचं एकक वेगळं (इथे ng/dL, तिथे nmol/L), म्हणून 576 ला 28.84 ने भागलं, 20 आलं. म्हणजे जागेवर. पीसीव्ही अजून वरच्याच अंगाला आहे, म्हणून तीन महिन्यांनी परत बघणार आहेत.

त्या दुसऱ्या खेपेला पट्टा बांधायच्या आधी मी सगळी कहाणी सांगितली. रक्त घेणारा पोरगा सुई हातात धरून थांबला. "म्हणजे भाऊ, जे लोक सांगत नाहीत, त्यांचं काय होत असन?"