अफरवटची बर्फवही: खड्डा जमला, आता ईसीटी

गुलमर्गच्या वर, अफरवट डोंगरावर बर्फात खड्डा खणून थरांचा कडकपणा आणि तापमान नोंदवणं आता सवयीचं झालं आहे, म्हणून ही वही एक्स्टेंडेड कॉलम टेस्टकडे, म्हणजे ईसीटीकडे वळली आहे. बर्फाच्या खांबावर टपल्या मारून त्यातली भेग पसरते का, म्हणजे हिमस्खलनाचा धोका आहे का, हे बघणारी ही चाचणी. तापमान मात्र सोडायचं नाही. १० सेंमी अंतरात १ अंशाहून जास्त फरक दिसला, की तिथले कण टोकदार होत जातात, एकमेकांना धरत नाहीत आणि रवाळ साखरेसारखे हातातून ओघळतात. पातळ बर्फ आणि निरभ्र, गारठ्याच्या रात्री असल्या की हे हमखास होतं. २०२४ मध्ये गुलमर्गचा जानेवारी जवळजवळ कोरडा गेला, फेब्रुवारीत जोरदार बर्फ पडलं आणि २२ तारखेला खिलनमर्गला हिमस्खलनात एक रशियन स्कीअर गेला. असा क्रम दिसला की जमिनीलगतचा थर आधी तपासायचा.

खड्ड्याची जागा: ज्या उतारावर जायचं आहे त्याच दिशेचा आणि उंचीचा, पण ३० अंशांच्या आतला उतार, वर काही तीव्र लटकलेलं नको. झाडाशेजारी किंवा जुन्या स्की-रेघांवर खणलेला खड्डा फुकट. तपासायची भिंत सावलीत ठेवा, नाहीतर थर्मामीटर उन्हाचं तापमान सांगतो. थर्मामीटर आधी बर्फ-पाण्याच्या मिश्रणात बुडवून ० दाखवतो का, तेही बघा.

आता ईसीटी. उताराला आडवा ९० सेंमी, उताराच्या दिशेने ३० सेंमी असा बर्फाचा खांब. बाजू करवतीने आणि मागची कड गाठी मारलेल्या दोरीने कापायची. मागचा काप अर्धवट राहिला तर खांब उगाच भक्कम वाटतो. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. फावड्याचं पातं एका टोकाला ठेवून १० टपल्या मनगटातून, १० कोपरातून, १० खांद्यातून. हात आपल्या वजनाने पडू द्यायचा, जोर लावायचा नाही.

फूट, म्हणजे थरातली भेग, ज्या टपलीला सुरू झाली त्याच किंवा पुढच्याच टपलीला पूर्ण खांबभर गेली, तर ईसीटीपी आणि टपलीचा आकडा. सुरू झाली पण पसरली नाही, तर ईसीटीएन. ३० टपल्यांत काहीच नाही, तर ईसीटीएक्स. आकड्यावर फार अडकू नये. ईसीटीपी २२ हा ‘जरा बरा’ निकाल नव्हे. फूट पसरते म्हणजे वरची लादी, म्हणजे वरचा सलग घट्ट थर, अख्खी सुटू शकते. उलट ईसीटीएक्स आला म्हणून ३८ अंशांचा उतार स्कीइंगला मोकळा झाला असंही नाही. चार पावलांवर, वाऱ्याने बर्फ साठवलेल्या कुशीत, लादीची जाडी दुप्पट असू शकते.

मर्यादा दोन. वरचं बर्फ फारच भुसभुशीत असलं तर फावडं त्यातच रुततं. आणि कमकुवत थर मीटरभराहून खोल असला तर टपलीचा धक्का तिथवर पोचत नाही. जानेवारीत पुरलेला थर फेब्रुवारीअखेर नेमका एवढा खोल गेलेला असतो, त्यामुळे पुढचा सराव पीएसटीचा, म्हणजे करवतीने करायच्या प्रोपगेशन सॉ टेस्टचा: ३० सेंमी रुंद, उताराच्या दिशेने किमान १०० सेंमी लांब खांब, आणि कमकुवत थरात करवतीची बोथट कड खालून वर सरकवायची. काप निम्म्याच्या आत असतानाच फूट शेवटपर्यंत धावली, तर तो उतार यादीतून बाद.