पूलची हौशी स्पर्धा: फी भरण्याआधी टेबलाची चौकशी करा (माझा अनुभव)

गेल्या पावसाळ्यात पुण्यातल्या एका क्लबात हौशी खेळाडूंसाठी नाइन-बॉलची (क्यूच्या काठीनं नऊ नंबरी बॉल टेबलाच्या खिशांत घालायच्या पूलच्या खेळाची) स्पर्धा होती. नाव दिलं, फी ऑनलाइन भरली, ड्रॉ व्हॉट्सअ‍ॅपवर आला. इथवर काहीच अडलं नाही. अडलं ते टेबलापाशी. त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सविस्तर लिहितोय.

पत्रकात ‘आंतरराष्ट्रीय नियमांनुसार’ एवढंच छापलं होतं. फाउल कधी आणि बॉल इन हँड (फाउलनंतर समोरच्यानं पांढरा बॉल हवा तिथे ठेवणं) कधी, एवढ्यावर नियम संपत नाहीत. जागतिक पूल संघटनेच्या नियमांत साहित्याची मापंही दिलेली आहेत. बॉलचा व्यास सव्वादोन इंच, म्हणजे ५७.१५ मिमी. वजन साडेपाच ते सहा औंस. नऊ फुटी टेबलाची खेळायची जागा १०० बाय ५० इंच. कुशनची (टेबलाच्या रबरी कडेची) धार बॉलच्या व्यासाच्या साधारण ६३ टक्के उंचीवर. ही मापं एकमेकांवर अवलंबून असतात, एक चुकलं की बाकीच्यांचा मेळ बसत नाही.

क्लबात चार टेबलं होती. आतल्या दोघांवर नवं कापड होतं. माझी मॅच लागली चार नंबरवर, अगदी दाराशी. शटर पूर्ण वर आणि बाहेर पाऊस. सरावाला दोघांत मिळून पाच मिनिटं. मी एक बॉल लांबीच्या दिशेनं हळू सोडला, तर तो शेवटच्या फूटभरात डाव्या कुशनकडे सरकला. टेबल ढळलंय असं आधी वाटलं. मग पलीकडच्या टोकाकडून सोडून पाहिला, तर सरळ आला. टेबल ढळलेलं असतं तर येतानाही तो त्याच कुशनकडे गेला असता. कापडावरून तळहात फिरवला तेव्हा उलगडा झाला. एका दिशेनं मखमलीसारखं मऊ, उलट्या दिशेनं खरखरीत. म्हणजे लव (एका दिशेनं झुकलेले बारीक तंतू) असलेलं स्नूकरचं कापड पूल टेबलावर ताणून बसवलं होतं. पूलचं कापड घट्ट विणीचं आणि बिनलवेचं असतं. लवेच्या विरुद्ध हळू जाणारा बॉल हमखास भरकटतो. त्यात लोकर दमट हवेत ओल धरते, त्यामुळे टेबल इतकं जड, म्हणजे संथ झालं होतं की तीन कुशनांची किक (पांढरा बॉल आधी कुशनांवर आपटून खेळायचा शॉट) मोजून खेळूनही आखूड पडत होती.

व्हाइटची, म्हणजे क्यूनं मारायच्या पांढऱ्या बॉलची (क्यू बॉलची) तऱ्हा आणखी वेगळी. स्टॉप शॉट (धडकेनंतर व्हाइट जागीच थांबायला हवा असा) नीट मध्यावर खेळूनही तो वीतभर मागे येत होता. मी व्हाइट आणि नऊ नंबरचा बॉल शेजारी ठेवले आणि दोघांवर स्कोअरचं कार्ड आडवं टाकलं. कार्ड व्हाइटकडे कललं, उघड दिसेल इतकं. व्हाइटला प्रत्येक शॉटमध्ये मार बसतो, त्यामुळे तो बाकीच्या बॉलच्या आधी झिजतो. झिजलेला, हलका व्हाइट मागे जास्त खेचला जातो आणि फॉलोला (धडकेनंतर पुढे जायच्या शॉटला) कमी जातो. ज्या खेळात पुढच्या बॉलसाठी पोझिशन घेणं हेच सगळं कौशल्य, तिथे यानं मॅच फिरते.

मार्करकाका (टेबलं आणि बॉल सांभाळणारे) प्रामाणिक होते. “दादा, हा रोजच्या गिऱ्हाइकांचा सेट आहे. नवा सरांच्या कपाटात आहे,” म्हणाले. क्लबचे सर जेवायला गेलेले. किल्ली त्यांच्याकडे. टेबलावरचा स्वयंसेवक म्हणाला, आयोजकांना विचारा. आयोजक आतल्या टेबलावर व्हिडिओ काढत उभे. त्यांनी मान न वळवताच सांगितलं, “अहो, टेबल दोघांना सारखंच आहे ना? मग खेळा की.”

या एका वाक्यावर मी अजून अडलोय. टेबल दोघांना सारखं नसतं. जो रोज तिथे खेळतो त्याला कुठून सोडलेला बॉल कुठे सरकतो हे ठाऊक असतं. आणि त्याच फेरीतले बाकीचे नव्या कापडावर खेळून पुढे येणार, मग तुलना कसली? माझे प्रतिस्पर्धी त्याच क्लबचे नियमित खेळाडू. तेही म्हणाले, “व्हाइट बदला, मलाही नीट खेळायचंय.” त्याबद्दल मला त्यांचा फार आदर वाटतो. तेवढ्यात स्वयंसेवकानं आठवण करून दिली की पंधरा मिनिटांत ब्रेक (मांडलेले बॉल फोडायचा पहिला शॉट) झाला नाही तर वॉकओव्हर. टेबल यांचं, किल्ली यांच्याकडे, आणि घड्याळ मात्र आमच्या डोक्यावर!

शेवटी काम झालं ते कागदानं. मी स्कोअरशीट मागून घेतली, तिच्यावर ‘क्यू बॉलच्या मापाबद्दल दोन्ही खेळाडूंची हरकत’ असं वेळेसकट लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या. शीट हातात पडल्यावर आयोजक स्वतः आले, कार्ड ठेवून बघितलं आणि सरांना फोन लावला. किल्ली येईपर्यंत भरपूर वेळ गेला, पण वॉकओव्हरचं नाव कुणी काढलं नाही. नवा सेट आला, शटर अर्धं खाली आलं, काकांनी कापडाला लवेच्या दिशेनं ब्रश मारला. टेबल काही बदललं नाही. तरी ती मॅच मी काढली आणि तिचा मला अभिमान आहे. पुढची फेरी थेट एक नंबरवर, कोरड्या, सुसाट कापडावर. हाताला जड टेबलाची सवय झालेली, प्रत्येक पोझिशन वीत-दीड वीत पुढे जात होती. हरलो.

फी भरण्याआधी आयोजकांना फोन करून चार गोष्टी विचाराच: टेबल किती फुटी, कापड पूलचं की स्नूकरचं, सगळ्या टेबलांवर एकाच मेकचा सेट आहे का, आणि हरकत घेतली तर निर्णय कोण देणार. सात फुटी इंग्लिश पूल टेबल असेल तर बॉलही दोन इंची असतात, तो खेळच वेगळा. उत्तर मेसेजवर घ्या, तोंडी नको. पावसाळ्यात क्यू हातात चिकटतो, म्हणून ग्लोव्ह आणि कोरडं फडकं जवळ असू द्या. रॅक करताना (ब्रेकसाठी बॉल एकत्र मांडताना) पहिला बॉल जिथे बसतो तिथल्या खड्ड्याकडेही लक्ष द्या. जुन्या कापडावर तिथे रॅक घट्ट बसत नाही आणि ब्रेक फुकट जातो. अशा ठिकाणी प्लास्टिकचा टेम्प्लेट रॅक (बॉल जागच्या जागी बसवणारं भोकांचं पातळ पान) मागा.

आयोजकांनी ही माहिती पत्रकात दोन ओळींत छापली तर कुणाचं काय बिघडणार आहे? सगळी टेबलं नवी करा असं कुणी म्हणत नाही, नुसतं आधी सांगा.

आणि हरकत घ्यायची ती ब्रेकच्या आधी. एकदा रॅक फुटला की कुणी ऐकून घेत नाही.