चार बदकं आणि एक सही

"स्टॅम्पवर सही केलीस का?" बदकांच्या शिकारीला निघालेल्या मित्राने पहाटे पाच वाजता अमेरिकेतल्या टेक्सास-ओक्लाहोमा सीमेवरच्या टेक्सोमा तलावाच्या काठी विचारलेला हा पहिला प्रश्न. केली नव्हती. गारठ्याने पेन उठेना. मग ते काखेत धरून गरम केलं आणि चित्रातल्या बदकावरच आडवी सही ठोकली. सहीशिवाय तो कागद चालत नाही.

बदकांच्या शिकारीसाठी लागणारा हा सरकारी ‘डक स्टॅम्प’ 1934 पासून निघतो. किंमत 25 डॉलर, आणि त्यातल्या प्रत्येक डॉलरचे 98 सेंट पाणथळ जागा राखायला जातात. मी बंदुकीला हात लावणार नव्हतो. भिगवणला दुर्बीण गळ्यात अडकवून फिरणारा माणूस मी. पण इथे माझ्यासारखे पक्षीवेडेही तो हौसेने घेतात.

मित्र मूळचा साताऱ्याचा, आता टेक्सासमधल्या प्लेनो शहराचा. त्याच्याकडे कागदांची चळतच होती: टेक्सासचा शिकार परवाना, त्यावर स्थलांतरित पक्ष्यांसाठी सात डॉलरची वेगळी नोंद, स्टॅम्प, शिवाय सुरक्षा प्रशिक्षणाचा दाखला. 2 सप्टेंबर 1971 रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना ते प्रशिक्षण घ्यावंच लागतं. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार म्हणजे गुन्हा एवढंच डोक्यात बसलेलं, त्यामुळे मला हे सगळं आरटीओत आल्यासारखं वाटत होतं.

टेक्सासची बहुतेक जमीन खासगी. म्हणून अशा तलावाकाठची सरकारी जमीन सामान्य शिकाऱ्याला सोन्यासारखी. टेक्सोमा हा लष्कराच्या इंजिनिअर विभागाने रेड नदी अडवून केलेला जलाशय, डेनिसन धरण 1944 चं. बंदूक कुठे चालते आणि कुठे नाही, हे त्यांच्या नकाशात बघायचं. गंमत म्हणजे पाण्याचा मोठा भाग ओक्लाहोमात येतो, आणि तिथे टेक्सासचा परवाना नुसता कागद! होडी भरकटली की राज्य बदललं. दक्षिणेकडचं हॅगरमन अभयारण्य त्याहून निराळं: तिथे चिठ्ठ्या काढून धनुष्यबाणाने हरणाची शिकार करू देतात, बदकांना मात्र हात लावायचा नाही. त्याच नावाचं गाव जलाशयात बुडालं. हे ऐकून मला कोयनेकाठची माणसं आठवली.

आम्ही लव्हाळ्यांआड कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिलो. समोर खऱ्या बदकांना भुलवायला सोडलेली प्लॅस्टिकची बदकं डुलत होती. सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपासून बार टाकता येतो. मित्र घड्याळ बघत होता आणि डोक्यावरून पंखांची सुंऽऽ सुंऽऽ चालली होती, तरी बंदूक खालीच. त्या बंदुकीच्या नळीत एक दांडी बसवलेली, तीनपेक्षा जास्त काडतुसं मावू नयेत म्हणून.

उजाडलं. एक थापट्या अगदी जवळून गेला, तोच चमचा-चोच्या, जो भिगवणला चिखल गाळत बसलेला असतो. माझ्या तोंडून नकळत निघालं, "अरे, हा आपला!" मित्र हसला आणि त्याने तो जाऊ दिला. मग गॅडवॉल जातीच्या बदकांच्या थव्यावर दोन बार. आवाज छातीत बसला. दहापर्यंत चार बदकं झाली. माणशी दिवसाला सहा चालतात, पण त्याने आवरतं घेतलं. पहिलं बदक हातात घेतलं तेव्हा ते अजून कोमट होतं, आणि पोटाखालची पिसं कोरडी. मला बोलायला काही सुचलं नाही.

परतताना किनाऱ्यावर गेम वॉर्डन, म्हणजे शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा अधिकारी. अगदी अदबीने त्याने कागद बघितले, बंदुकीत काडतुसं सरकवून दांडी तपासली, मग खिशातून लोहचुंबक काढून काडतुसांना लावलं. चिकटलं, म्हणजे छर्रे पोलादाचे. शिशाच्या छऱ्यांना बदकांसाठी 1991 पासून देशभर बंदी आहे, कारण चिखलातले छर्रे बदकं खडे समजून गिळतात आणि विषबाधेने मरतात.

बदकं साफ करताना मित्राने प्रत्येकाचा एक पंख तसाच ठेवला. घरी पोहोचेपर्यंत जात ओळखता आली पाहिजे, असा नियम. बर्फाच्या पेटीच्या झाकणातून एक पंख बाहेर डोकावत होता, तेवढ्यात साताऱ्याहून फोन आला.

"मासे मिळाले का रे?"

"चार मिळाले, आई," तो म्हणाला आणि पंख आत ढकलून झाकण लावलं.