सात मिनिटांत पेवात उतरायचं

"क्लासेसचं पेव फुटलंय", "अफवांचं पेव फुटलं" असं आपण रोज म्हणतो. माझं सगळं लहानपण खऱ्या पेवांच्या तोंडाशी गेलं. सांगलीच्या शेजारी हरिपूर, कृष्णा आणि वारणेच्या संगमावरचं गाव. तिथं जमिनीच्या पोटात हळद साठवायची पेवं होती. वर माणूस जेमतेम आत जाईल एवढं तोंड आणि खाली खोलीएवढं पोट. आमचे वडील, अप्पा, हमाली करायचे आणि पेवात उतरायचे. मी पुढं एका अडत दुकानात दिवाणजी म्हणून २९ वर्षं काढली, हळदीच्याच पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब, लिहिल्या. काम सोडलं आणि अप्पांवर, त्यांच्या जोडीदारांवर, त्या पेवांवर पुस्तक लिहिलं. डेमी आकार, १४४ पानं, ५०० प्रती. प्रकाशक मीच.

छपाईपर्यंतच्या खटपटी इथं सांगत बसत नाही. आयएसबीएन क्रमांक दिल्लीच्या संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मिळतो आणि त्याला पैसे पडत नाहीत. १९५४ च्या कायद्याप्रमाणे कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला प्रत पाठवावी लागते. ती पोस्टात टाकताना ऊर भरून आला होता, एवढंच. मला सांगायचं आहे ते त्यानंतरचं. पुस्तक लिहिणं जमलं, पण चार लोकांसमोर उभं राहून "हे माझं पुस्तक" म्हणणं हे निराळंच काम आहे, आणि ते मला त्या एका संध्याकाळीसाठी नव्यानं शिकावं लागलं.

फोन आमच्या भागातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांचा होता. त्यांच्याकडं वर्षातून दोनदा शनिवारी संध्याकाळी नव्या पुस्तकांचा कार्यक्रम होतो. प्रकाशन सोहळा नव्हे. पाहुणे नाहीत, हारतुरे नाहीत, शाल-श्रीफळ नाही. पाच लेखक आपापल्या पुस्तकाची ओळख स्वतः करून देतात. प्रत्येकाला सात मिनिटं, पुढची तीन मिनिटं प्रश्नांची. आणि एक अट, जी ऐकून मी जरा थबकलो. पाचही जणांनी महिनाभर आधी दोन-दोन प्रती द्यायच्या. एक वाचनालयाला, दुसरी उरलेल्या चारांपैकी एका लेखकाला. त्यानं ती वाचून यायचं आणि पहिला प्रश्न त्यानंच विचारायचा. "न वाचता कौतुक करायची पद्धत आम्हाला मोडायची आहे," कार्यवाह म्हणाले. ही अट ज्यानं कुणी घातली, त्याचे मी मनापासून आभार मानतो.

माझ्या वाट्याला कवितासंग्रह आला. एका सरकारी दवाखान्यात नर्स असलेल्या तरुण बाईंचा. मी आयुष्यभर वजनं, भाव आणि तोलाई लिहीत आलेला माणूस. कवितेला काय प्रश्न विचारायचा? पहिल्या वाचनात काही कविता डोक्यावरून गेल्या. मग रोज रात्री जेवण झाल्यावर दोनच कविता मोठ्यानं वाचायच्या असं ठरवलं. रात्रपाळीतल्या तीन वाजताच्या चहावरची एक कविता आहे, ती चौथ्यांदा वाचताना एकदम लक्षात आलं की आख्ख्या पुस्तकात एकाही पेशंटचं नाव नाही. खाट क्रमांक आहेत, वेळा आहेत, हात आहेत, नाव नाही. प्रश्न मिळाला.

माझ्या भाषणाची गोष्ट मात्र अवघड झाली. लिहून काढलं आणि घड्याळ लावून वाचलं, तर २२ मिनिटं. त्यात सगळं होतं. राजापुरी हळद, सांगलीची बाजारपेठ, हरिपूरची पाणी न झिरपणारी घट्ट माती, २००५ चा महापूर, २०१८ ला सांगलीच्या हळदीला मिळालेलं भौगोलिक मानांकन. काटछाट करून १५ वर आणलं, मग १२ वर. पुढं जाईना. प्रत्येक वाक्य काढताना कुणावर तरी अन्याय होतोय असं वाटायचं.

शेवटी वाचनालयातल्या ग्रंथपाल बाईंना विचारलं, ऐकता का एकदा. त्यांनी दुपारी वाचकांची वर्दळ नसताना ऐकलं. मग म्हणाल्या, "हे सगळं पुस्तकात आहे ना?"

"आहे."

"मग ते लोक तिथं वाचतील की. तुम्ही आम्हाला फक्त एकदा पेवात उतरवा."

घरी येऊन भाषण बाजूला ठेवलं आणि पुस्तकच उघडलं. ८८ वं पान. अप्पा उतरतात ते. मोठ्यानं वाचलं तर पान अडीच मिनिटांत संपतं. आधी दीड मिनिट पेव म्हणजे काय, मग हे पान, मग अप्पा वर येतात तो परिच्छेद, आणि पुस्तक का लिहिलं ते दोन वाक्यांत. साडेसहा मिनिटं. त्या दिवसापासून मी भाषण पाठ करणं सोडलं आणि वाचायचा सराव करू लागलो. डोळ्यांनी वाचायला लिहिलेलं वाक्य तोंडात बसत नाही, हे तेव्हा कळलं. दोन ठिकाणी "व" होता तिथं पेन्सिलीनं "आणि" केला. एक लांब वाक्य तीन ठिकाणी तोडलं. कुठं थांबायचं तिथं उभी रेघ मारली.

या सरावानंच एक मोठं संकट उघडं पाडलं. कार्यक्रमाला पाच दिवस होते. नेहमीची प्रत बायकोच्या हातात होती म्हणून गठ्ठ्यातली दुसरी घेतली. ८० वं पान उलटलं आणि समोर ६५ आलं. वाटलं, दोन पानं एकदम उलटली. नाही. पाचवा फर्मा, म्हणजे एकत्र छापलेल्या सोळा पानांचा जुडगा, दोनदा लागला होता आणि सहावा, म्हणजे ८१ ते ९६, गायब. मी वाचणार होतो तेच पान त्या प्रतीत नव्हतं! पोटात गोळा आला. कारण तोवर ६० प्रती लोकांकडं गेलेल्या.

मग दोघं बसलो. सतरंजीवर उरलेल्या ४४० प्रती. प्रत्येक प्रत उघडायची, ८१ वं पान बोटानं शोधायचं, असेल तर उजवीकडं, नसेल तर डावीकडं. बायको म्हणाली, "हळकुंडं निवडतोय असं वाटतंय." दोन रात्री लागल्या. सदोष प्रती निघाल्या ४३. मुद्रकाकडं गठ्ठा घेऊन गेलो. त्यानं आधी दुसऱ्यावर ढकललं, मग एकेक प्रत उघडून दाखवल्यावर बांधणी पुन्हा करून दिली. आधी दिलेल्या ६० जणांना फोन केले. चौघांकडं तसलीच प्रत निघाली. त्यातल्या दोघांनी सोळा पानं नाहीत हे सांगितलंच नव्हतं. त्यांनी तिथवर वाचलंच नव्हतं की मला वाईट वाटेल म्हणून ते गप्प बसले, हे मी विचारलं नाही. पण ज्यांना पुस्तक काढायचं आहे त्यांना कळकळीनं सांगतो, प्रेसमधून गठ्ठे आले की वाटायला लागू नका. आधी पानं तपासा.

शनिवारी संध्याकाळी सहाला पोचलो. आई बरोबर होती, ७८ वर्षांची, नऊवारी नेसून, दुसऱ्या रांगेत. ही सांगली नाट्यपंढरी. विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला इथंच पहिलं नाटक केलं, त्यामुळं इथला श्रोता माइकपुढच्या माणसाला लगेच जोखतो. वाचनालयाचं सभागृह लहान. तळमजल्यावरच्या भिंतीवर २०१९ च्या पुराची खूण जपून ठेवली आहे. त्या वर्षी आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्या रेघेच्या खालच्या कपाटांत आता पुस्तकं ठेवत नाहीत. साठेक माणसं होती. क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. नर्सबाई दुसऱ्या, मी चौथा.

त्यांनी तीनच कविता वाचल्या, अगदी हळू, आणि पाचव्या मिनिटाला थांबल्या. मी उभा राहिलो आणि विचारलं, पेशंटचं नाव कुठंच का नाही? त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "नावं मला पाठ आहेत. पण ती सांगायचा हक्क त्यांचा आहे. माझ्या वाट्याला आली ती रात्र. तेवढीच लिहिली." सभागृहात कुणी टाळी वाजवली नाही, आणि ते बरोबरच झालं. माझ्या मनात मात्र माझ्याच पुस्तकातली नावं फिरायला लागली. अप्पांच्या अकरा जोडीदारांची मी नावानिशी हकिगत लिहिली आहे. कोण पीत होतं, कोण कर्जात बुडालं, सगळं. त्यांच्या घरच्यांना विचारलं होतं का? सातजणांच्या घरी विचारलं होतं. चौघांच्या नाही.

हा विचार डोक्यात असतानाच माझं नाव पुकारलं गेलं.

पहिल्या मिनिटात आवाज कोरडा पडला. पण पान उघडलं आणि पेन्सिलीच्या रेघा दिसल्या तसा धीर आला. वाचलं ते साधं आहे. पेवाच्या तोंडावरची फरशी काढतात. लगेच कुणी उतरत नाही, कारण आत कोंडलेली हवा माणसाला मारते. तोंड उघडं ठेवून वाट बघतात. मग दोरीला कंदील बांधून खाली सोडतात. चार-पाच माणसं काठावर वाकून त्या ज्योतीकडं बघत असतात. ज्योत लहान झाली की दोर वर. पुन्हा वाट बघायची. विझला नाही तरच अप्पा धोतराचा काचा मारून पाय आत सोडायचे. २५ फूट. तळाला उसाचा पाला आणि चटई, वर हळदीचा ढीग. ती पाट्यांत भरून वर पाठवायची. तास-दीड तासानं अप्पा वर यायचे तेव्हा त्यांच्या पापण्यासुद्धा पिवळ्या असायच्या, आणि डोळे मिटले की फक्त दोन पिवळ्या रेघा दिसायच्या.

"दोर वर" इथं मी रेघेप्रमाणं थांबलो. पंख्याचा आवाज तेवढा ऐकू येत होता. मला वाटतं, तेव्हा सभागृह काठावर वाकलेलं होतं.

माझं पुस्तक वाचून आले होते ते जतकडचे एक निवृत्त शिक्षक, कन्नडमधून मराठीत अनुवाद करणारे. त्यांनी आधी पुस्तक आवडल्याचं सांगितलं, मग चष्मा काढून विचारलं, "१४४ पानांत तुमच्या आईचं एकही वाक्य नाही. त्याच गोदामात त्या हळकुंडं निवडायला होत्या, असं तुम्हीच ३१ व्या पानावर लिहिलंय. मग त्या बोलत का नाहीत?"

आई समोर बसलेली. सारवासारव करता आली असती. पुस्तक वडिलांवर आहे, पानांची मर्यादा होती, असं काहीतरी. पण खरं तेच तोंडातून गेलं. "मी आईला विचारलंच नाही. सगळ्या म्हाताऱ्या हमालांकडं वही घेऊन गेलो. घरात वही उघडली नाही." शिक्षकांनी मान हलवली आणि खाली बसले. मागून कॉलेजच्या एका मुलीनं विचारलं, आता पेवं बघायला मिळतील का? तिला सांगितलं की २००५ च्या पुरात पाणी शिरलं, हळद कुजली, व्यापाऱ्यांचं कंबरडं मोडलं, आणि नंतर माल शीतगृहात जाऊ लागला. उरलेल्यांपैकी एका पेवाचं तोंड मी तिला दाखवेन. तीन मिनिटं संपली.

टेबलावर २०० ची प्रत १५० ला ठेवली होती. २३ गेल्या. सही करताना प्रत्येकाला आधी ८१ वं पान उघडून दाखवत होतो. सवयच लागली होती. नर्सबाईंनी एक प्रत घेतली, मी त्यांच्या संग्रहाची दुसरी प्रत बहिणीसाठी घेतली. त्यांना त्या चार घरांबद्दल बोललो. त्या म्हणाल्या, "अजून जाता येईल की. पुस्तक घेऊनच जा." पुढच्या आठवड्यात दोन घरी जाऊन आलो. एका घरी चहा मिळाला. दुसऱ्या घरच्या मुलानं पान वाचलं आणि दारूचा उल्लेख दुसऱ्या आवृत्तीत काढा म्हणाला. काढणार आहे.

त्या शनिवारी परतताना रिक्षात आई बराच वेळ बोलली नाही. वाटलं, दमली. हरिपूर रस्त्याला वळलो तसं म्हणाली, "कंदील पहिल्या वर्षीच फुटला रे. तू लहान होतास. नंतर तुझे अप्पा डालड्याच्या डब्यात रॉकेलची चिमणी ठेवून सोडायचे. आणि विझली नाही तरी मी त्यांना लगेच उतरू द्यायची नाही. मी वरून हाक मारायची पेवात, आवाज कसा घुमतो ते ऐकायची."

"कसा घुमायचा?"

"थांब, सांगते. लिहून घेतोस का?"

खिशात पेन होतं. कार्यक्रमपत्रिकेची मागची बाजू कोरी होती. रिक्षावाल्याला म्हटलं, जरा सावकाश घ्या.