मूर्ती नाही, मग देवाचं रूप कुठं पाहता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितो. जालन्यात शेजारीपाजारी, सोबत काम करणारे, सगळे कधी ना कधी हेच विचारतात : तुमच्या चर्चमध्ये मूर्ती नाही, नुसता क्रूस. मग देव डोळ्यांपुढं आणायचा तरी कसा? (कॅथलिक चर्चमध्ये पवित्र मरियेची, संतांची मूर्ती असते, आम्ही प्रोटेस्टंट, आमच्याकडं तीही नाही.)

देवाची मूर्ती करून तिच्या पाया पडू नये, ही बायबलमधल्या दहा आज्ञांतलीच गोष्ट. पण त्याच बायबलच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय की देवानं माणूस आपल्या प्रतिरूपात घडवला; नर आणि नारी, दोघंही. त्या काळी मिसर (इजिप्त) आणि बाबेलकडं (बॅबिलोन) राजाला देवाचं प्रतिरूप म्हणत. उत्पत्तीच्या, म्हणजे बायबलच्या पहिल्याच पुस्तकानं तो मान प्रत्येक माणसाला दिला. मेंढरामागं फिरणाऱ्यालाही आणि त्याच्या बायकोलाही. म्हणून माझं उत्तर सरळ आहे : देवाचं रूप तुमच्यात पाहतो. निदान पाहायला हवं.

मराठवाड्यात हे बोलायला सोपं आणि पाळायला अवघड. शेतावर सालगड्यासाठी गोठ्याच्या खांबाला अडकवलेली जर्मनची वाटी मी पाहिलीय. चहा वरून ओतायचा, पिऊन झाला की त्यानंच ती विसळून पुन्हा तिथंच टांगायची. वाटी पोचे पडून काळी झालेली, आणि घरातल्या कपबश्या फळीवर लख्ख. ती वाटी ज्याच्या हातात देतो, त्याला कुणी घडवलंय हा विचार केला की माझ्या घशाखाली चहा उतरत नाही.

एकोणिसाव्या शतकात नारायण शेषाद्री जालन्यात आले ते याच श्रद्धेनं. जन्मानं ब्राह्मण, १८४३ साली मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झालेले. त्यांनी जालन्याजवळ बेथेल नावाचं गाव वसवलं, आणि तिथं आले ते मुख्यतः मांग-महार समाजाचे लोक. गावकुसाबाहेर ठेवलेल्यांना ‘तुम्ही देवाचं प्रतिरूप आहात’ हे त्या काळात सांगणं ही नुसती प्रवचनाची गोष्ट नव्हती. आणि खेद याचा वाटतो की आजही आमच्यातच सोयरीक जुळवताना हळूच विचारलं जातं, ‘मूळचे कोणातले?’ हे मला पाप वाटतं. दुसरा शब्द नाही.

पुढं हमखास येणारा प्रश्न : मग दारुड्या, खुनी, लबाड, यांच्यातही देवाचं रूप? होय. पापानं ते विद्रूप झालं, पुसलं गेलं नाही. जलप्रलयानंतर, माणसाची दुष्टाई पुरती उघडी पडल्यावरही, देव त्यातून वाचलेल्या नोहाला सांगतो की माणसाचं रक्त सांडू नका, कारण तो माझ्या प्रतिरूपाचा आहे. ते रूप निर्मळ, पूर्ण कसं दिसतं हे आम्ही येशू ख्रिस्तात पाहतो. येशूचा प्रेषित पौल त्याला ‘अदृश्य देवाचे प्रतिरूप’ म्हणतो. त्याच्याकडं पाहत त्याच्यासारखं होत जाणं म्हणजे आमच्या दृष्टीनं देवभीरू जीवन. ते स्वतःच्या बळावर जमत नाही. पवित्र आत्मा, म्हणजे आमच्यात काम करणारा देवच, घडवतो, आपण अडवायचं नाही.

पौल इफिस शहरातल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात ‘नवा मनुष्य धारण करा’ म्हणतो आणि लगेच साध्या गोष्टींवर येतो : खोटं बोलू नका, चोरी करणाऱ्यानं आता हातानं कष्ट करावेत, म्हणजे गरजवंताला द्यायला काही राहील. बायबलमध्ये ज्याचं पत्र आहे तो याकोब तर थेट जिभेवर बोट ठेवतो. जिच्यानं देवाची स्तुती करता, तिच्यानंच त्याच्या प्रतिरूपात घडलेल्या माणसांना शाप देता? रविवारी उपासनेत गायलेलं तोंड सोमवारी टँकरच्या रांगेत शेजारणीच्या सात पिढ्या उद्धरत असेल, तर तो अपमान तिच्यापाशी थांबत नाही, देवापर्यंत जातो.

आणि मजुरी. कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते, ती ओरड देवाच्या कानी जाते, हेही याकोबानंच लिहिलंय. कापूस वेचून बाया बांधावर थांबलेल्या असतात. त्यांना ‘पुढच्या बाजारी बघू’ म्हणणाऱ्या ख्रिस्ती माणसाला मी विचारतो, हे ऐकतंय कोण, ठाऊक आहे ना?