गेमांचा नकाशा काढताना

एमएच्या प्रोजेक्टसाठी मी विषय घेतला: लोकांना कुठले व्हिडिओ गेम एकमेकांसारखे वाटतात? ‘ॲक्शन’, ‘पझल’ हे कप्पे दुकानदारीच्या सोयीचे. खेळणाऱ्याच्या डोक्यातही तेच असतील कशावरून?

दोन-दोन गेम समोर ठेवून ‘किती सारखे?’ विचारणं हा सरळ मार्ग. पण २० गेम घेतले की जोड्या होतात १९०. निम्म्यावर पोचेपर्यंत माणूस कंटाळून काहीही आकडा ठोकतो. म्हणून कार्ड सॉर्टिंग केलं. टेट्रिस, कँडी क्रश, टेंपल रन, सबवे सर्फर्स, माइनक्राफ्ट, लुडो किंग, फ्री फायर, बीजीएमआय (पबजीची भारतीय आवृत्ती) वगैरे. प्रत्येकाचं एक कार्ड, सोबत खेळाचं छोटं रेकॉर्डिंग, आणि “तुमच्या मनाने गठ्ठे लावा” एवढीच सूचना. दोन कार्डं जितक्या जणांनी एका गठ्ठ्यात ठेवली, तितकी ती जवळची.

खरी मजा कारणं ऐकण्यात होती. मावशीने लुडो किंग आणि बीजीएमआय एकत्र टाकले.

“अगं, एकात सोंगट्या, एकात बंदुका!”

“असू दे रे. दोन्हीकडे चौघं जमतात, आणि आपण मेलो की बाकीचे फिदीफिदी हसतात.”

मी मुकाट्याने लिहून घेतलं. तिचा मुलगा मात्र फ्री फायर आणि बीजीएमआय एकत्र ठेवायला तयारच नाही. “दादा, तिथे पन्नास जण उतरतात, इथे शंभर. शिवाय तिथे कॅरेक्टरला पॉवर असते. काहीही काय!”

पुढचं काम मल्टिडायमेन्शनल स्केलिंगचं. अंतरांचा तक्ता दिला की ‘आर’ या संख्याशास्त्राच्या सॉफ्टवेअरमध्ये नकाशा निघतो, सारखे वाटणारे गेम जवळ, वेगळे वाटणारे लांब. पण अक्षांना नावं नसतात, ती आपण शोधायची. नकाशा फिरवला, आरशात धरला तरी अंतरं तीच राहतात. तो मूळ तक्त्याशी किती इमान राखतो ते ‘स्ट्रेस’ सांगतो. गणितज्ञ क्रुस्कलने १९६४ साली दिलेल्या अंदाजाने ०.०५ चांगला, ०.२ कच्चा. तिसरी मिती घेतली की स्ट्रेस उतरतो, पण मग कागदावर वाचणार कसा? मी दोनच ठेवल्या.

सगळ्यांचा मिळून निघालेला नकाशा गुळमुळीत होता. मावशी आणि तिचा मुलगा एकाच सरासरीत घातल्यावर दुसरं काय होणार! मग खेळणारे आणि न खेळणारे वेगळे काढले. न खेळणाऱ्यांच्या नकाशात बंदुकीचे सगळे गेम एकमेकांना चिकटलेले. खेळणाऱ्यांच्या नकाशात तेच चांगले फाकलेले, आणि टेंपल रन-सबवे सर्फर्स मात्र दोन्हीकडे जोडीने. रिपोर्टात हे दोन नकाशे शेजारी-शेजारी छापले. सरासरीचा गेला परिशिष्टात.